चिमूटभर मिश्री

माझ्या साताऱ्याच्या दवाखान्यात एखादी बाई तोंड उघडायला लाजली की मला विमल गलांडे आठवते. अशी बाई पदर तोंडाशी धरून बसते. मिश्री लावता का, असं विचारलं की आधी नाही म्हणते, मग सोबत आलेल्या सुनेकडे बघते, आणि मग 'सकाळची तेवढी' म्हणते. 'सकाळची तेवढी' म्हणजे सकाळपासून झोपेपर्यंत, हे मला विमलनं शिकवलं. आम्हा पेठेतल्या लोकांना मिश्री ऐकून माहीत होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. दात स्वच्छ होतात म्हणून सुरू करायची आणि मग तिची अशी तलफ लागते की भाकरी नसली तरी चालेल, पण डबी पाहिजे.

विमल आता मुंबईत कॅन्सरवर संशोधन करते. तिच्या मोठेपणाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, त्यात माझी भर नको. मला सांगायची आहे ती माझ्या खोलीतली विमल. तिच्याबद्दल बोलायला लागले की आधी हसू येतं आणि पुढे बोलणं अर्धंच राहतं, म्हणून मी सहसा बोलत नाही.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला सांगलीकडच्या मेडिकल कॉलेजात आम्ही दोघी एकदमच आलो. ती माण तालुक्यातली, दहिवडीच्याही आतल्या एका गावची. वडील फौजेत हवालदार होते. त्यांची काळी ट्रंक घेऊन ती आली आणि पहिल्याच दिवशी गादी खाटेवरून काढून जमिनीवर टाकली.

"अगं, खाट आहे ना तुला?" मी म्हटलं.

"लय उंच हाय गं ती. आन् आई तिकडं भुईवर निजती."

हे 'आई तिकडं' पुढे मला पाठ झालं. विमल मुळातच अपराधी स्वभावाची होती. काही माणसांना सर्दीचा कोठा असतो, तसा हिला अपराधाचा होता. दार वाजलं तरी तिला वाटायचं आपण काहीतरी चुकलोय. शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवशी आम्ही नाकाला रुमाल लावून उभ्या होतो. हिनं मृतदेहाच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "माफ करा बाबा." वर्ग खो खो हसला. पोरांनी तिचं नावच 'माफ करा गलांडे' ठेवलं. ते तिला ठाऊक होतं, पण तिनं सवय सोडली नाही. पुढे वॉर्डात इंजेक्शन द्यायची वेळ आली की सुई टोचायच्या आधी ती पेशंटची माफी मागायची. एकदा एका म्हातारबुवांनी घाबरून विचारलं होतं, "आवं बाई, एवढं काय करनार हाय तुमी?"

बहात्तरच्या दुष्काळात माणदेश पार होरपळला. विमलची आई गावाजवळच्या सरकारी कामावर खडी फोडायला जायची आणि तिथं मिळणारी सुकडी खायची. त्याच सुमाराला हॉस्टेलवर गॅदरिंगचं जेवण होतं, श्रीखंड-पुरीचं. विमल पंगतीत दिसेना, म्हणून मी ताट घेऊन वर गेले. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"मंदे, ताट खाली ने."

"थोडं तरी खा. तू उपाशी राहिलीस म्हणून आईचं पोट भरणार आहे का?"

"न्हाई भरनार. ते मला बी कळतंय," ती म्हणाली. "पर घास खाली जात न्हाई, त्याला काय करू?"

मी तर्कात कुणाला हार जात नाही, शनिवार पेठेची आहे. पण त्या 'काय करू'पुढे मी ताट जमिनीवर ठेवलं. शेवटी ते श्रीखंड मीच खाल्लं, तिच्याकडे पाठ करून.

अशी ही मुलगी कॅन्सरकडे वळली ती पॅथॉलॉजीच्या तासाला. आमचे पॅथॉलॉजीचे सर फार चांगले होते. हळू बोलायचे, आणि पोरींनाही शिकायला आलेल्या माणसांसारखं वागवायचे, हे त्या काळी सरसकट नव्हतं. त्यांनी गालाच्या आतल्या कॅन्सरची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावली. सगळ्यांनी रांगेनं बघितली. विमल बघायला वाकली ती उठेचना.

"काय दिसतंय, गलांडे?"

"सर, आमच्या काकीला हेच झालं होतं. गालाला भोक पडलं होतं. पाणी प्यायली की बाहेर यायचं." जरा थांबून तिनं विचारलं, "पण का होतं, सर?"

"तंबाखू. तुमच्याकडे मिश्री लावतात ना बायका?"

"सगळ्याच लावतात, सर. मग सगळ्यांना का होत नाही?"

सर हसले. म्हणाले, "ते मला माहीत नाही. नुसता डॉक्टर झाल्यानंही ते कळणार नाही. आधी डॉक्टर व्हायचं, मग मुंबईला संशोधनाला जायचं. पण तिथं रिकाम्या हातानं गेलेल्याला कुणी विचारत नाही. इथल्या बायकांची तोंडं बघा. कुणाच्या गालात पांढरा डाग आहे, कुणाच्या नाही, कोण किती वर्षं लावतंय, हे नीट बघून या. तसं काम हातात असलं तर मी तुमच्यासाठी शब्द टाकीन."

त्या दिवसापासून विमलला मुंबई दिसायला लागली. आमच्यापैकी बहुतेकींचं ठरलेलं होतं, डॉक्टर व्हायचं, डॉक्टरशी लग्न करायचं, दोघांच्या नावाची पाटी लावायची. तिला मात्र 'का' पाहिजे होतं. स्लाइड बघताना ती त्यातल्या पेशीला कुजबुजायची, "ये बाई, जरा तोंड दाखव." मला आधी वाटलं, ही माझ्याशीच बोलतेय.

रविवारी आम्ही कृष्णेपलीकडच्या एका वाडीला जायला लागलो. आम्ही म्हणजे ती. मी सोबतीला, आणि खरं सांगायचं तर तिथल्या हिरव्या मिरचीच्या ठेच्यासाठी. वाडीत पहिले दोन रविवार फुकट गेले. बायका बसायला घोंगडी टाकायच्या, चहा द्यायच्या, पण मिश्रीचं नाव काढलं की सगळ्यांना कामं आठवायची. पुरुष डॉक्टर असता तर एकवेळ समजलं असतं. विमल त्यांच्यासारखीच बोलणारी, तरी काही उपयोग होईना.

तिसऱ्या रविवारी आम्ही वाडीच्या कडेच्या बौद्ध वस्तीत गेलो. तिथं अंजिराबाई भेटल्या. पन्नाशीच्या, उंच, तोंडानं फटकळ. उसाच्या रानात खुरपायला जायच्या आणि मुकादमालासुद्धा सरळ करायच्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली स्वच्छ सारवलेली जमीन. विमलनं जय भीम केला, तशा त्या जरा निवळल्या. वस्तीतल्या चारपाच बायका गोळा झाल्या. चहा झाला, आणि अंजिराबाईंनी कनवटीची डबी काढून, झाकण उघडून विमलपुढे धरली. आपण पाहुण्यापुढे पानाचं तबक धरतो, तीच रीत.

"मी न्हाई लावत," विमल म्हणाली.

अंजिराबाईंनी विमलकडे बघितलं. मग सावकाश झाकण लावलं.

"व्हय. आमच्या हातचं कशाला घ्याल. चा पिला तेवढं लय झालं."

रागानं नव्हे, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. बाकीच्या बायका खाली बघायला लागल्या. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तोवर विमलनं हात पुढे केला होता. तिनं डबी घेतली, उघडली, चिमूट काढली आणि तर्जनीनं दातांवर घासली. तिला ठसका आला, डोळ्यांतून पाणी आलं. बायका हसल्या. अंजिराबाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, "थुक, थुक. गिळू नगंस." तेवढ्यात त्यांनी तिला 'तुमी'वरून 'तू'वर आणली होती.

त्यानंतर त्या वस्तीत काही लपलं नाही. बायका आपणहून उन्हाकडे तोंड करून बसायच्या, गाल ओढून दाखवायच्या, पहिली चिमूट कधी घेतली, कुणी दिली, तेही सांगायच्या. एकीला तिच्या सासूनं बाळंतपणात दिली होती, एकीला उपाशी पोटी भूक मारायला आईनं. विमल ऐकायची, बघायची, आणि पुढं आलेली डबी परत पाठवायची नाही. एका घरी घेतली म्हणजे दुसऱ्या घरी घ्यावीच लागते, हा गावाचा न्याय. परतताना मी तिला म्हणायचे, "डॉक्टरीणबाई, तोंड धुवा." ती नदीवर चुळा भरायची आणि म्हणायची, "एवढ्यानं काय हुतंय गं. दार तर उघडलं."

अंजिराबाईंच्या डाव्या गालात पांढरा डाग सापडला. विमलनं त्यांना बाजूला घेतलं, काकीची सगळी गोष्ट सांगितली, गालाच्या भोकासकट. अंजिराबाईंनी जिभेनं गाल आतून चाचपून बघितला. मग म्हणाल्या, "सोडते." आणि खरंच सोडली. पुढच्या रविवारी त्यांची डबी कनवटीला नव्हती. चेहरा उतरलेला, डोकं दुखतंय म्हणत होत्या, सुनेवर खेकसत होत्या, पण हात डबीकडे गेला नाही. विमलला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी तिनं मला सांगलीत भेळ खायला घातली.

पण वस्तीतल्या बाकीच्या बायकांच्या डब्या फिरतच होत्या. अंजिराबाई तिथंच बसलेल्या असायच्या. त्यांच्यासमोरून डबी विमलकडे यायची, विमल चिमूट घ्यायची आणि डबी पुढे जायची. अंजिराबाई बघायच्या. मीही ते बघत होते, पण त्यात काही वावगं आहे असं माझ्या डोक्यात आलं नाही. विमलच्याही नाही. एव्हाना तिला ती चिमूट लागायला लागली होती, हे तिलाही कळलं नव्हतं.

मग शेवटच्या वर्षाची परीक्षा आली आणि वाडी सुटली. परीक्षा संपून इंटर्नशिप सुरू झाल्यावर एका सकाळी ओपीडीत अंजिराबाई सुनेबरोबर रांगेत दिसल्या. पदर गालावर घट्ट धरलेला. विमलनं पदर बाजूला केला. डागाच्या जागी जखम झाली होती आणि तोंड बोटभरच उघडत होतं. मानेत गाठ हाताला लागत होती.

"अंजिराबाई, सोडली हुती न्हवं तुमी?"

"सोडली हुती की." शब्द अडखळत येत होते. "पर तू शिकल्याली डाक्टरीन. तूच लावत हुतीस. मंग म्या म्हनलं, आपल्याला भ्या दाखवायला सांगितलं आसंल. एवढं काय नसंल."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एखाद्यानं वाट कशी चुकलो ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. विमलनं केसपेपर लिहिला, सर्जनना बोलावलं, सगळं रीतसर केलं. मग ती खोलीवर आली आणि जमिनीवरच्या गादीवर बसली. रडली असती तर मी काहीतरी केलं असतं. ती नुसती स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होती.

सरांना मी सांगितलं. त्यांनी तिला बोलावलं, मीही बरोबर गेले. सर म्हणाले, "गलांडे, ती बाई तीस वर्षं लावत होती. तुमच्यामुळे झालं असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही."

"तीस वर्षं तिची, सर," विमल म्हणाली. "शेवटचं एक माझं."

पण खरा पेच पुढे होता. तिनं वाडीत केलेलं काम एका परिषदेत वाचायचं ठरलं होतं. तेच काम मुंबईला दाखवायचं, त्यावरच तिची जागा मिळणार. विमलनं लिहिलं त्यात एक परिच्छेद होता. बायकांचा विश्वास बसावा म्हणून मी स्वतः मिश्री लावली. डाग असलेल्या एका बाईनं मिश्री सोडली होती, ती मला बघून तिनं परत सुरू केली, आणि तिला कॅन्सर झाला. सरांनी तेवढ्यावर पेन्सिलनं रेघ मारली.

"हे तुमचं मन हलकं करण्यासाठी आहे. शास्त्रात 'मी' नसतो."

"पण सर, त्या घरांत मी होते."

"लोक तुमचं काम बाजूला ठेवतील आणि एवढंच धरून बसतील. मुंबईही जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती सरांशी गावाकडचं बोलली. "सर, उद्या दुसरी पोरगी माझंच वाचून वाडीत जाईल. तिच्याम्होरं बी डबी येनार हाय. तिला कोन सांगनार?"

सर चष्मा पुसत बसले. शेवटी त्यांनी परिच्छेद ठेवू दिला नाही आणि विमलनं तो काढू दिला नाही. पेपर वाचलाच गेला नाही. त्या वर्षी मुंबईची जागा दुसऱ्याला मिळाली. मी तिला वेडी म्हटलं, हट्टी म्हटलं, आणखीही काय काय म्हटलं. ती म्हणाली, "माफ कर गं," आणि वॉर्डात निघून गेली.

अंजिराबाईंना मुंबईला नेऊन आणलं. किरणांचे शेक दिले, पण फार पुढे गेलं होतं. परत आल्यावर त्या आमच्याच वॉर्डात होत्या. विमल ड्यूटी नसतानाही त्यांच्याजवळ असायची, चमच्यानं दूध पाजायची. अर्धं बाहेर यायचं, ती पुसायची. एका दुपारी मी तिथं उभी असताना विमलनं त्यांचा हात धरला.

"अंजिराबाई, मला माफ करा. म्या तवा नगं म्हनायला पायजे हुतं."

अंजिराबाईंना बोलायला फार कष्ट पडायचे. एकेक शब्द काढत त्या म्हणाल्या, "नगं म्हनली आसतीस... तर म्या तुला परत घरात घेतली नसती."

हे ऐकून विमलची सुटका झाली की गाठ आणखी घट्ट बसली, मला आजही सांगता येणार नाही. विमलनं नुसती मान हलवली आणि चमचा पुन्हा भरला. पुढच्या उन्हाळ्याच्या आत अंजिराबाई गेल्या.

त्याच दिवसांत मला कळलं की विमल सकाळी न्हाणीघरात इतका वेळ काय करते. खोलीत भाजलेल्या तंबाखूचा वास होता. मी डबी शोधून तिच्यासमोर आपटली. असं कसं करू शकतेस, असं मी काहीतरी ओरडले. ती ओशाळली, लहान पोरीसारखी. म्हणाली, "सोडते." ज्या आवाजात अंजिराबाई म्हणाल्या होत्या, अगदी त्याच आवाजात.

दोन वर्षांनी सरांनी पुन्हा शब्द टाकला आणि विमलला मुंबईला संशोधनाला जागा मिळाली. सरांनी काय लिहिलं, तो परिच्छेद कुठं गेला, मी विचारलं नाही. निघायच्या आदल्या रविवारी ती म्हणाली, "मंदे, वाडीला येतीस?" अंजिराबाई गेल्यापासून ती तिकडे फिरकली नव्हती. मला वाटलं, निरोप घ्यायला चाललोय.

वस्तीत दुपारचं ऊन होतं. बायका जमल्या, पण पूर्वीसारख्या मोकळ्या नव्हत्या. अंजिराबाईंची सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या कनवटीला डबी होती, बहुतेक सासूचीच. चहा झाला. कुणीतरी सवयीनं विमलपुढे मिश्री धरली.

विमलनं डबी घेतली नाही. ती उठली, अंगणात उन्हात जाऊन बसली, सूर्याकडे तोंड केलं, आणि डाव्या हातानं स्वतःचा गाल ओढून धरला.

"या. बघा. समद्याजनी बघा," ती म्हणाली. गाल ओढलेला असल्यानं शब्द नीट येत नव्हते. "म्या बी लावत हुते. तुमच्यासंगट लावली, मंग खोलीवर बी लावली. लाज वाटून कुनाला सांगितलं न्हाई. आता सोडलीया, पर हे पांढरं राहिलंय."

खोलीत एकत्र राहून, डॉक्टर असून, मी तिला एकदाही तोंड उघड म्हटलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणी पुढे होईना. मग अंजिराबाईंची सून चौकटीपासून निघाली आणि विमलसमोर उकिडवी बसली. तिनं पदराला बोट पुसलं, विमलच्या गालात घातलं, गाल आणखी थोडा ओढला आणि उन्हात नीट वाकून बघितलं.

"आत्याबाईंच्या बी आसंच हुतं," ती म्हणाली. "पयल्यांदा. आसंच."

विमल तोंड उघडं ठेवून तशीच बसून राहिली, आणि सुनेच्या मागं एकेक बाई येऊन उभी राहायला लागली.